पांढऱ्यासाठी लावलेली खिडकी

संपादकांनी फोनवर विषयच दिला, "कॉम्प्युटरनं तुमचा धंदा कसा गिळला ते लिहा. वाचकांना असं आवडतं." संपादक तरुण आहेत, त्यांचा काही दोष नाही. गेली कित्येक वर्षं हे मीच सगळ्यांना सांगत आलो आहे. लग्नाच्या पंगतीत, बँकेच्या रांगेत, सकाळी फिरायला येणाऱ्या मंडळींच्या बाकावर. "काय करणार, कॉम्प्युटर आला आणि आमच्यासारखे हातानं छापणारे संपले." लोक हळहळतात. कोणीतरी चहा सांगतं. ती हळहळ आणि तो चहा, दोन्हींची मला सवय झाली होती.

खरं असं आहे की कॉम्प्युटरनं माझा धंदा गिळला नाही, पोसला. हडपसरच्या बाजूला कंपन्या उभ्या राहिल्या, तिथल्या मुलांची लग्नं निघाली, आणि त्यांना सगळ्यांना काळ्या नाहीतर गडद निळ्या कार्डावर पांढरं हवं होतं. जितकं काम मिळत होतं तितकं मला आयुष्यात कधी मिळालं नव्हतं. धंदा मी स्वतः बंद केला. का केला, ते माझी बायको सुधा सोडून कोणाला माहीत नव्हतं. सुधा जाऊनही आता बराच काळ झाला. म्हणजे ते ठाऊक असलेला मी एकटाच उरलो आहे, आणि माझंही वय झालं.

आमचं दुकान अप्पा बळवंत चौकाच्या मागच्या बोळात होतं. पुढे काउंटर, मागे प्लायवूडचं पार्टिशन घालून केलेली कामाची खोली. चौकात पत्रिकांची दुकानं पुष्कळ. गणपती, कलश, केळीचे खांब सगळ्यांकडे सारखेच. माझं वेगळेपण एवढंच, की गडद कार्डावर पांढरं चित्र माझ्याइतकं स्वच्छ कोणाकडे उमटत नसे.

बाहेरच्या माणसाला वाटतं, त्यात काय मोठंसं. पांढऱ्यावर काळं उमटतं तसं काळ्यावर पांढरं. पण तसं होत नाही. काळी शाई कागदात मुरली तरी काळीच राहते. पांढरी मुरली की राखाडी होते, कळकट धोतरासारखी. गडद कार्ड पांढरं पिऊन टाकतं. वरून दुसऱ्यांदा ठसा मारावा, तर तो पहिल्यावर नेमका बसत नाही. केसभर सरकला की गणपतीला दोन सोंडा दिसतात.

यावर मी जो उपाय बसवला तो असा. शाईनं छापायचंच नाही, पुडीनं छापायचं. लाकडावर बसवलेला ठसा चिकट, सावकाश वाळणाऱ्या बिनरंगी शाईत बुडवायचा आणि कार्डावर दाबायचा. शाई ओली असतानाच वर राळेची बारीक पांढरी पूड भुरभुरायची. जिथं शाई तिथं पूड धरते, बाकीची झटकून टाकायची. मग कार्ड हीटरच्या कॉइलवर क्षणभर धरायचं. पूड वितळते आणि थंड होताना काचेसारखी घट्ट बसते. दुधासारखं पांढरं, हाताला उंच लागणारं, कडा नखासारखी धारदार.

खोट एकच. गडद कार्डाला हवेतला ओलावा धरतो, आणि जिथं शाई नाही तिथंही पुडीचे कण चिकटतात. पांढऱ्या कागदावर ते कोणाला दिसले नसते. काळ्यावर मात्र कोंडा पडल्यासारखे दिसतात, आणि एकदा कॉइलवर वितळले की कायमचे. म्हणून ठसा मारण्याआधी प्रत्येक कार्डावर शंखजिऱ्याची पूड फिरवायची, म्हणजे दळलेला मऊ दगड, कॅरमवर टाकतात तीच. मलमलच्या पुरचुंडीत बांधून हलकी थापायची. कार्ड कोरडं होतं, कण धरत नाहीत. तरीही एखाददुसरा राहतोच. तो ब्रशनं काढायला जावं तर चित्राची कडा मोडते. तो फुंकर मारून उडवायचा. ओठ मिटत आणून, बारीक, शीळ घालावी तशी फुंकर.

आणि एक अट. खोलीत वारा नको. वारा आला की पूड उठते आणि शेजारच्या कार्डांवर जाऊन बसते. म्हणून मागच्या खोलीत पंखा नाही, खिडकी बंद, दाराला पडदा. पुढे काउंटरवर मात्र पंखा होता, गिऱ्हाइकाला उकडू नये म्हणून. मी त्या पंख्याखाली बसत असे. हे वाक्य लिहायला मला दोन दिवस लागले.

मागच्या खोलीत पुष्पाबाई असत.

पुष्पाबाई धायरीच्या. तेव्हा धायरी म्हणजे खेडंच. नवरा एका बांधकामावरून पडून गेला, पदरात एक मुलगी. सुधाच्या ओळखीनं त्या कामाला आल्या त्या कार्डं पाकिटात भरायला. एकदा ठसा मारणारा माणूस आला नाही म्हणून मी त्यांना ठसा दिला. हात स्थिर होता. शंखजिरं किती थापायचं, पूड किती भुरभुरायची, फुंकर कशी मारायची, हे सगळं मी शिकवलं. हे मुद्दाम लिहितो, कारण अलीकडे अशा लेखांत कामगाराची विद्या आणि मालकाची नुसती पाटी असं असतं. आमच्याकडे विद्या माझीच होती. त्यांनी फक्त ती माझ्याहून चांगली केली, आणि तिचं जे व्हायचं ते त्यांच्या छातीत झालं.

गिऱ्हाइकांचे किस्से सांगायला हवेत, नाहीतर संपादक नाराज होतील.

सदाशिव पेठेतले एक गृहस्थ मुलाला घेऊन आले. मुलगा कंपनीत, कार्ड काळं हवं म्हणून हटून बसलेला. गृहस्थांनी नमुना दोन बोटांत धरला आणि विचारलं, "हे लग्नाचं आहे का चौदाव्याचं?"

"बाबा, एलिगंट दिसतं."

"दिसत असेल. निमंत्रण वाचून लोक यायला हवेत, सांत्वनाला नकोत."

तरी मुलाचं चाललं. कार्डं घरी गेली आणि चार दिवसांनी गृहस्थ तणतणत परत. पत्रिकेच्या कोपऱ्यांना हळदीकुंकू लावायचं, तर काळ्यावर कुंकू दिसेचना. घरातल्या बायकांनी दोन-दोनदा बोटं उमटवली, कार्डं लिबलिबीत झाली. "कुंकू पिऊन टाकतं तुमचं कार्ड," ते म्हणाले, "याला काय म्हणायचं?" मग मी वरच्या कोपऱ्यात रुपयाएवढा पांढरा गोल उमटवून द्यायला लागलो, हळदीकुंकवाची जागा म्हणून. तो गोल पुढे इतका चालला की लोकांना ती जुनीच पद्धत वाटे. मीही तसं वाटू देत असे.

गायकवाड साहेब वेगळे. पोस्टातून निवृत्त, बोलणं मोजकं. मुलाचं लग्न होतं. गडद निळं कार्ड त्यांनी स्वतः निवडलं आणि त्यावर पांढरी बुद्धमूर्ती सांगितली, मागे पिंपळपान. मी सवयीनं म्हटलं, गडद रंग घरच्यांना चालेल ना? ते म्हणाले, "अहो, तुम्ही ती काळजी करू नका. माझ्या वडिलांनी नागपूरला जाऊन दीक्षा घेतली. निळा आमचा, पांढरा आमचा. तुम्ही फक्त स्वच्छ उमटवा. चेहऱ्यावर ठिपका नको."

त्या मूर्तीच्या मिटलेल्या डोळ्यांची पापणी म्हणजे पांढऱ्यातली निळी रेघ, केसाएवढी. पूड तिच्यात हमखास भरायची. डोळा बुजायचा. मी दोन दिवस झटलो आणि सोडून दिलं. पुष्पाबाईंनी कार्ड तोंडाजवळ घेतलं, मान जराशी तिरपी केली आणि फुंकर मारली. रेघ मोकळी झाली. मग तशी प्रत्येक कार्डावर. प्रत्येक कार्डावर दोन डोळे.

गायकवाड साहेब काम बघायला मागे आले. बराच वेळ त्यांचे हात बघत उभे राहिले. मग खिशातून रुमाल काढून घाम पुसला आणि म्हणाले, "इथं हवा नाही हो."

मी म्हणालो, "साहेब, पांढऱ्याला हवा चालत नाही."

ते हसले. हे वाक्य मला फार आवडे. मी ते सगळ्या गिऱ्हाइकांना ऐकवत असे.

कामाच्या शेवटी पुष्पाबाईंनी एक कार्ड मागून घेतलं. "ह्ये म्या ठिवू का, अण्णा? डोळं लय चांगलं आल्यात." मी म्हटलं, ठेवा की.

खोकला कधी सुरू झाला ते मला सांगता येणार नाही. एखादा नळ ठिबकत असावा आणि एक दिवस आपल्या लक्षात यावं, तसं झालं. सुधाच्या आधी लक्षात आलं. ती दुपारी डबा घेऊन यायची. पडदा सरकवून एकदा आत बघितलं आणि बाहेर येऊन मला म्हणाली, "चित्रं छान पांढरी येतायत. आता बाईंनाही पांढरं करणार का? त्यांच्या पापण्या बघितल्यात?"

"तोंडाला पदर बांधा म्हणून सांगितलंय मी त्यांना."

"पदर बांधून फुंकर मारता येते होय?"

येत नव्हती. आणि फुंकर मारायची तर आधी श्वास आत घ्यावा लागतो. कार्डाशी तोंड नेऊन, त्याच पुडीतून. एवढी साधी गोष्ट. मी छपाईचा इतका विचार केलेला माणूस. ओलावा, चिकटपणा, उष्णता, सगळ्याचा. या श्वासाचा विचार मी केला नव्हता असं मी सुधाला सांगितलं. ते खोटं होतं. केला होता, आणि बाजूला ठेवला होता.

एका फोटोग्राफर गिऱ्हाइकानं कॅमेऱ्याची काच झटकायचा रबरी फुगा आणून दिला. दाबला की टोकातून वारा येतो. पुष्पाबाईंना तो जमला, पण हात सारखा खाली-वर करावा लागे, काम निम्म्यावर आलं. लग्नसराई तोंडावर होती. एक दिवस मी म्हणालो, "पुष्पाबाई, हा फुगा राहू दे सध्या. सराई झाली की वापरू." त्यांनी फुगा माझ्या हातात दिला. मी तो काउंटरच्या खणात टाकला. सराई झाल्यावर दुसरी सराई आली.

मग एका कंपनीचं काम आलं. नव्या इमारतीचं उद्घाटन, काळी निमंत्रणं, वर त्यांचं पांढरं बोधचिन्ह. कंपनीच्या मुलीनं नमुना नखानं खरवडून बघितला आणि म्हणाली, "वॉव, सगळे असेच हवेत हं काका, सेम टू सेम." त्या कामानंतर आणखी कंपन्या येणार होत्या. मी मनातल्या मनात मोठी जागा बघून ठेवली होती.

ते काम चालू असताना एका दुपारी आतून फुंकरीचा आवाज यायचा थांबला. मी पडदा सरकवला. पुष्पाबाई टेबल धरून उभ्या होत्या, मान खाली, खांदे वर-खाली होत होते. त्या श्वास घेत होत्या आणि श्वास आत जात नव्हता. मी रिक्षा केली आणि ओळखीच्या डॉक्टरांकडे नेलं. सगळे म्हणत, मालक असावा तर असा, स्वतः घेऊन गेला.

डॉक्टरांनी छातीचा फोटो काढायला लावला. फोटो दिव्यासमोर धरून ते बराच वेळ बघत राहिले. मग पुष्पाबाईंना विचारलं, "काम काय करता तुम्ही?"

त्या उत्तर द्यायला श्वास गोळा करत होत्या. तेवढा वेळ मला पुरला.

मी म्हणालो, "पॅकिंगला आहेत आमच्याकडे. कार्डं पाकिटात घालतात."

पुष्पाबाईंनी माझ्याकडे बघितलं. मी फोटोकडे बघत होतो. मग त्या डॉक्टरांना म्हणाल्या, "व्हय. प्याकिंगला हाय."

"घरी चूल आहे का?"

"हाय."

"मग धूर असणार," डॉक्टर म्हणाले आणि दम्याची औषधं लिहून दिली.

मी तसं का म्हणालो? पुडीचं नाव निघालं असतं तर डॉक्टरांनी काम बंद करायला लावलं असतं. कंपनीचं काम अर्धं राहिलं असतं. त्या क्षणी डोक्यात एवढंच होतं, मोठं काही नव्हतं. माणूस मोठ्या कारणासाठी दुष्ट होतो असं आपण वाचतो. मी उद्घाटनाच्या निमंत्रणांसाठी झालो.

परत येताना रिक्षात त्या एवढंच म्हणाल्या, "काळजी करू नगा अण्णा. तुमचं काम पुरं करून दीन म्या." आणि पुरं करून दिलं. त्या तेवढ्या दिवसांत मी खिडकी उघडली का, असं सुधानं मला अनेकदा विचारलं. नाही उघडली.

पुढे त्यांना धायरीहून बसनं येणं झेपेना, तेव्हा त्यांनी काम सोडलं. त्यांच्या जागी मी दुसऱ्या एक बाई आणल्या. त्यांनाही शिकवलं. शंखजिरं, पूड, फुंकर. एक दिवस काउंटरवर हिशेब करत बसलो होतो आणि पडद्यामागून खोकला आला. पहिला, कोरडा. मी पेन खाली ठेवलं. त्या बाईंना पगार देऊन घरी पाठवलं आणि पुन्हा पांढरं काम घेतलं नाही. थोड्या महिन्यांत दुकान विकलं. घेणाऱ्यानं विचारलं, इतका चालता धंदा का सोडताय? मी म्हणालो, "आता सगळं कॉम्प्युटरवर होणार हो." तो म्हणाला, "खरंय." तेव्हापासून ते खरं झालं.

पुष्पाबाईंना भेटायला मी एकदाच गेलो. त्या ओट्यावर बसल्या होत्या. आम्ही पावसापाण्याचं बोललो. मला बोलता आलं असतं. त्या त्यानंतर पुष्कळ वर्षं जगल्या, म्हणजे श्वास मोजत दिवस काढले. मी पुन्हा गेलो नाही. त्या वारल्याचं कळलं तेव्हाही गेलो नाही.

या उन्हाळ्यात दारावरची बेल वाजली. खांद्याला लॅपटॉपची पिशवी लावलेली एक मुलगी.

"अण्णाकाका ना? मी मनीषा. धायरीच्या पुष्पाबाईंची."

हडपसरला एका कंपनीत आहे. स्वतःचं लग्न ठरवलंय. खुर्चीवर टेकता टेकता तिनं पिशवीतून एक वही काढली आणि वहीतून जपून एक निळं कार्ड. पिंपळपान, मूर्ती, मिटलेले डोळे. इतक्या वर्षांत पांढरं जरासुद्धा पिवळं पडलं नव्हतं.

"आईच्या ट्रंकेत होतं. तुमच्याच दुकानचं ना हे? काका, मला एक्झॅक्टली असं हवंय. म्हणजे डिझाइन दुसरं, पण हे पांढरं असं. ऑनलाइन किती शोधलं, सगळीकडे फ्लॅट प्रिंट. हे बघा, बोटाला लागतं." तिनं डोळे मिटून मूर्तीवरून बोट फिरवलं. "हे काम करणारे अजून कोणी आहेत का?"

"नाहीत," मी म्हणालो.

"शीः. आईला विचारायला हवं होतं, कोण करायचं म्हणून. पण ती काय, पॅकिंगला होती ना तुमच्याकडे?"

मी कार्डाकडे बघत होतो. तिला ते होकारासारखं वाटलं.

"शेवटी मोठ्या दवाखान्यात नेलं होतं," ती आपणहून सांगू लागली. "तिथले डॉक्टर सारखं विचारायचे, दगडाच्या खाणीवर होतात का, क्रशरवर होतात का. फोटोत तसं दिसतंय म्हणे. आई म्हणायची, न्हाई वो, प्याकिंगला व्हते. मशीन लावलेलं, बोलता येत नव्हतं, तरी तेवढं म्हणायची. आम्ही हसायचो. पुण्यात पेठेत कुठली आलीय खाण!"

ती आताही हसली. मी तिला विचारलं, चहा घेणार का.

ती गेली. पुष्पाबाईंनी ते शेवटपर्यंत का धरून ठेवलं असेल, हे मला कळत नाही. मला वाचवायला? की एकदा मालकानं सांगितलं म्हणजे तेच आपलं काम, असं त्यांना वाटलं? की मी त्यांच्या तोंडून काढून घेतलेलं उत्तर त्यांना पुन्हा सापडलंच नाही? मी डॉक्टरांना एक वाक्य बोललो. त्या एका वाक्यानं त्यांचा आजार निनावी झाला, आणि त्यांचं कामही. त्यांच्या मुलीच्या हातात आईनं केलेलं कार्ड होतं आणि ती मला विचारत होती, करणारे कोणी आहेत का.

संपादकांना माझी विनंती आहे की यातलं काही गाळू नये. हा अंक मी स्वतः धायरीला मनीषाच्या घरी नेऊन देणार आहे. दार उघडलं तर बरं. त्यानंतर ती मला जे म्हणेल ते ऐकून घेण्याइतका श्वास माझ्याकडे आहे. माझी छाती स्वच्छ आहे, डॉक्टरांनी मागच्याच महिन्यात सांगितलं.

मनीषा, तुझी आई पॅकिंगला नव्हती. ते निळं कार्ड तिनं केलेलं आहे. पापणीची ती रेघ तिच्या फुंकरीनं मोकळी झाली आहे. खिडकी मी लावली होती.